प्रभाताईनं धरून ठेवलेली लाईन

मंडळी, अशोकभाऊ, आणि करडी-एकोडीवरून धानाची कामं टाकून आलेल्या बायांनो,

मी करडीची रंजना. माइकसमोर उभं राहायची मला सवय नाही. काय बोलायचं ते घरून निघताना मनात नीट जुळवलं होतं. इथं दारात प्रभाताईचा फोटो दिसला, त्यावरचा हार दिसला, आणि जुळवलेलं सगळं सांडलं. आता जसं येईल तसं बोलते. मधे आमची बोली आली तर समजून घ्या. ताईशी मी दुसऱ्या कोणत्या बोलीत कधी बोललेच नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांना प्रभाताई माहीत आहे ती मोहाडीतली, तहसीलजवळची कॉम्प्युटरवाली म्हणून. भंडारा जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या चार-दोन वर्षांतली ही गोष्ट. तिच्या सासरी हातमागाचं काम. पुढच्या खोलीतला एक माग बंद पडून होता. ताईनं तो काढून पडवीत ठेवला आणि त्या जागी टेबल टाकून कॉम्प्युटर मांडला. अर्ज टाईप करून द्यायची, मुलांचे निकाल काढून द्यायची. भिंतीपलीकडं अशोकभाऊंचा, म्हणजे ताईच्या मालकांचा, माग खटखट चालायचा, अलीकडं ताईची बोटं चालायची.

मी तिच्याकडं पहिल्यांदा गेले, ते अर्ज घेऊन नाही. मी माझ्या सासूला घेऊन गेले होते.

सासूबाईंना आमच्या घरी सगळेच माय म्हणायचे. मीही. माझे मालक, दिलीप, तेव्हा मस्कतला होते, वेल्डिंगच्या कामावर. आज ते तिथं मागच्या रांगेत बसले आहेत. ते तिकडं गेले आणि त्याच वर्षी मायला लकवा मारला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, बोलता यायचं नाही. दिलीप शेजारच्या घरी फोन करायचे. मी रिसीव्हर मायच्या कानाला लावायची. ते तिकडून "माय, माय" करायचे. माय तोंड उघडायची, आणि श्वासाशिवाय काही निघायचं नाही. असं महिनोन् महिने चाललं. एकदा ते मला म्हणाले, "रंजना, खरं सांग. माय आहे ना? का तू मले फसवून राहिली?"

मंडळी, मी "आहे" म्हटलं तर त्यांचा विश्वास बसेना. आणि जिनं "मी आहे" म्हणायचं, तिला म्हणता येईना.

बाजारात कोणीतरी सांगितलं की प्रभाताईकडं कॅमेरा आला आहे. कॉम्प्युटरवर बसवायचा. परदेशातला माणूस आपल्याला दिसतो, आपण त्याला दिसतो. मी त्याच दिवशी तिच्या दारात गेले. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "घेऊन ये मायले."

मायनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. माझ्याकडून केस विंचरून घेतले. ऑटोत मी तिला कुशीत धरून आणलं. ताईनं खुर्चीवर पाठीमागं उशी लावली, मायला नीट बसवलं. दिलीप तिकडं सुटी काढून एका इंटरनेटच्या दुकानात बसले होते. ताईनं नंबर फिरवला. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना तो मोडेमचा आवाज आठवत असेल. किंचाळल्यासारखा, मग खरखर, मग एकदम शांत. लाईन लागली. पडद्यावर अक्षरं आली. दिलीपनं लिहिलं होतं, "आलो." मग चित्र यायला लागलं. निळं काहीतरी दिसलं, शर्ट असावा. चेहरा यायच्या आत लाईन तुटली.

ताईनं परत लावली. परत निळा शर्ट. परत तुटली. असं किती वेळ चाललं सांगता येणार नाही. दिलीपच्या सुटीचा वेळ संपला. माय खुर्चीवरून उतरली. जाताना तिनं डाव्या हातानं ताईच्या गालावरून हात फिरवला आणि हसली.

ताई मला नंतर कितीदा म्हणाली, "मायनं मले बोल लावला असता, तर मी विसरून गेली असती. ते हसली ना, तेच्यानं झालं."

त्या दिवशी दारात येऊन ती मला म्हणाली, "रंजना, आता मी निरोप धाडेपर्यंत मायले आणू नको. तिले असं न भेटवता परत नेणं बरं नाही."

आणि मग ताई त्या मोडेमच्या मागं लागली.

आजच्या मुलांना हे सांगितलं तर पटत नाही. तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं. तार तीच, बोलायची. मोडेम म्हणजे मधला माणूस. इकडचं तिकडं सांगणारा. ताईच्या मोडेमच्या खोक्यावर छप्पन्न हजार वेग लिहिलेला होता. लाईन लागली की पडद्याच्या कोपऱ्यात आकडा यायचा, चाळीस हजारांच्या वर काहीतरी. ताई खूश व्हायची. आणि दोन मिनिटांत सगळं बंद.

पहिल्यांदा तिला वाटलं, दोष घरच्या फोनचा. आत स्वयंपाकघराजवळ त्याच लाईनवर दुसरा फोन होता. कोणी तो उचलला की इंटरनेट तुटायचं. तिनं तो काढूनच टाकला. घरात कुरकूर झाली. मग लाईनमनला बोलावून खांबापासूनची जुनी तार बदलून घेतली. खरखर कमी झाली, पण तुटणं चालूच. मग ती कॉम्प्युटरच्या सेटिंगमधे शिरली. तिथं "जास्तीत जास्त वेग" असा एक रकाना होता. तिला वाटलं, इथं आकडा कमी केला की लाईन सावकाश चालेल. तिनं कमी केला. काही फरक पडला नाही. लाईन लागली की कोपऱ्यात तोच मोठा आकडा यायचा. आणखी कमी केला, तर अक्षरंसुद्धा रखडायला लागली, आणि तुटायचं ते तुटतच होतं.

अशोकभाऊ, तुम्ही तेव्हा काय म्हणाले होते, मला ताईनं सांगितलं होतं. तुम्हीही आज हसाल. तुम्ही म्हणाले, "काहून येवढी मागे लागली तू? भंडाऱ्याले नेतील ना ते. तिथं होते सारं." आणि ताई म्हणाली, "माय भंडाऱ्यापर्यंत गाडीत बसू शकत नाही. आणि मोहाडीतून काहून होत नाही, ते मले पाहू द्या ना."

त्यावर तुम्ही माग थांबवला. आत आले. कॉम्प्युटरचा डबा उघडायला तिला मदत केली. खरं आहे ना, अशोकभाऊ?

तर डबा उघडला. आत मोडेमचं हिरवं कार्ड. ताईला कोणीतरी सांगितलं होतं की प्रत्येक मोडेमला वेगळी आज्ञा लागते, आणि ती आज्ञा सेटिंगमधल्या एका लपलेल्या रकान्यात हातानं लिहावी लागते. तिनं दुसऱ्या कुठल्या मोडेमच्या पुस्तकातली आज्ञा उतरवून घातली होती, तर कॉम्प्युटरनं चूक दाखवली. आपलं कार्ड कोणाचं, हेच तिला माहीत नव्हतं. कार्डावरच्या काळ्या तुकड्यावर बारीक अक्षरं होती. इतकी बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसेनात. अशोकभाऊंनी कापडातले धागे मोजायचं भिंग आणलं. दोघांनी मिळून, एक वाचत आणि एक लिहीत, ती अक्षरं काढली.

ते घेऊन ताई नागपूरला गेली. मीही गेले तिच्यासोबत. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती एकटी जाते आहे हे मला बघवेना. बसमधे तिनं मला खिडकीजवळ बसवलं. मोहाडी सुटली तशी म्हणाली, "तू त्याले शेवटचं कधी पाहिलं?" मी म्हटलं, "नागपूर स्टेशनवर." ती म्हणाली, "आठवते का चेहरा?" मी म्हटलं, "आठवते, पण हालत नाही तो. फोटोसारखा राहते." तिनं माझा हात घेऊन आपल्या मांडीवर ठेवला आणि नागपूर येईपर्यंत सोडला नाही.

बायांनो, मी तुम्हाला काय सांगू? तिकडं नवरा, इकडं न बोलणारी सासू, मधे धान. त्या वर्षात मला कोणी विचारलं नव्हतं, तुला चेहरा आठवतो का म्हणून. सगळे विचारायचे, पत्र आलं का, माय कशी आहे. ताईनं मला माझं विचारलं.

नागपूरच्या दुकानातला माणूस चांगला निघाला. त्यानं अक्षरं पाहिली आणि म्हणाला, "ताई, तुमच्या सीडीवरचा ड्रायव्हर या कार्डाचा नाहीच. दुसऱ्याच चिपचा आहे. अर्धं ऐकतं, अर्धं सोडून देतं." मग त्यानं त्या रकान्याचंही सांगितलं. जो वेग ताई कमी करत होती, तो कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधला. तारेवरचा वेग वेगळाच. तारेवर मोडेम आपणच ठरवतो, आणि जमेल तेवढा वर जायला पाहतो. खांबापलीकडच्या जुन्या तारेला ते झेपत नाही, की तुटतं. "छप्पन्नचा नाद सोडा," तो म्हणाला. "त्याच्या निम्म्यावर बांधून टाका. सावकाश चालेल, पण चालेल." त्यानं योग्य ड्रायव्हर फ्लॉपीवर दिला आणि त्या चिपची आज्ञा कागदावर लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताईनं ते घातलं. लाईन लागली. कोपऱ्यात आकडा आला अठ्ठावीस हजारांचा. ताई म्हणायची, तो आकडा पाहून मन खट्टू झालं, एवढी धावपळ करून वेग अर्धा. ती तशीच बसून राहिली. मग उठून भाजी चिरली. येऊन पाहिलं, लाईन चालू. कणीक मळली. येऊन पाहिलं, लाईन चालू. अशोकभाऊंना जेवायला वाढलं, भांडी घासली. लाईन चालूच. मग ती पडवीत जाऊन रडली. हे तिनं मला सांगितलं नाही. हे अशोकभाऊंनी सांगितलं.

निरोप आला. मी मायला परत नेलं.

पण आणखी एक अडचण होती, आणि ती ताईनं मायपासून लपवली नाही. एवढ्या कमी वेगावर दोन्हीकडची चित्रं एकदम चालत नव्हती. एकच चालायचं. ताई मायच्या समोर खाली बसली आणि म्हणाली, "माय, एकच चित्र चालते. तुम्ही दिलीपले पाहता, का दिलीपनं तुमाले पाहावं?"

माय किती वेळ त्या पडद्याकडं पाहत राहिली. महिनोन् महिने पोराला पाहिलं नव्हतं तिनं. मी मनात म्हणत होते, माय, पाहून घे. तू पाहून घे.

मायनं डावा हात उचलला आणि आपल्या छातीवर ठेवला. म्हणजे, त्याला मला पाहू दे.

ताईनं कॅमेरा चालू केला. तिकडं चित्र कसं जात असेल, आम्हाला कळत नव्हतं. पडद्यावर फक्त अक्षरं. बराच वेळ दिलीपनं काही लिहिलं नाही. ताई घाबरली, लाईन तुटली की काय. मग अक्षरं आली. इंग्रजी अक्षरांत आपली मराठी. मला वाचता येत होती. लिहिलं होतं, "माय किती बारीक झाली."

ताईनं मोठ्यानं वाचलं, "माय, चांगली दिसून राहिली तू."

मायनं ताईकडं पाहिलं. मान हलवली, नाही म्हणून. आणि हसली. पोराला ओळखत होती ती. आणि वाचणारीलाही ओळखलं होतं तिनं तोवर.

मग दिलीपनं लिहिलं, "माय, मले पाहत असशील तर हात वर कर." त्यांचं चित्र इकडं बंद आहे हे त्यांना कळलं नसावं. मायला पोरगा दिसत नव्हता. तिच्यासमोर फक्त अक्षरं होती, आणि ती तिला वाचता येत नव्हती. ताईनं वाचून दाखवलं. मायनं हात वर केला. दिलीप सांगतात, तिकडं चित्र थांबून थांबून यायचं. एका चित्रात हात मांडीवर. मग किती वेळ काही नाही. पुढच्या चित्रात हात वर. मधला हात त्यांना दिसलाच नाही. पण त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी विचारलं नाही, माय आहे ना म्हणून.

शेवटी शेवटी, लाईन तुटली तर तुटली म्हणून, ताईनं आमचं चित्र बंद करून त्यांचं चालू केलं. मायला मुलगा दिसला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. आणि मंडळी, मलाही दिसला. मी मायच्या खुर्चीमागं उभी होते. ताई उठली, मला आपल्या जागेवर बसवलं, आणि बाहेर जाऊन उभी राहिली. दार ओढून घेतलं.

त्यानंतर कित्येक आठवडी बाजारांना आम्ही आलो. धान कापणीच्या दिवसांत माय गेली. घरी, झोपेत. दिलीपना यायला जमलं नाही. पुढं काही महिन्यांनी ते आले. नागपूरवरून बसनं मोहाडीला उतरले, आणि करडीला यायच्या आधी, सामान हातात घेऊन ताईच्या दारात गेले. ताईनं त्यांना ओळखलं. पाणी दिलं. ते म्हणाले, "ताई, माय कोणत्या खुर्चीवर बसत होती?" ताईनं दाखवली. ते तिच्यावर बसले. ताई सांगायची, पाठीची उशी अजून तिथंच होती. ती त्यांनी काढली नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. लाईनी सुधारल्या. मग मोबाईल आले. ताईचं दुकान झेरॉक्सवर चाललं, मग तेही तिनं आवरतं घेतलं. बंद पडलेला माग परत खोलीत आला. आता माझी पोरगी पुण्यावरून फोन करते, आणि तिचा चेहरा बोट लावल्याबरोबर समोर येतो. चांगलं आहे. मी त्याला वाईट कायले म्हणू? पण खरं सांगते, मला ती खोली आठवते. लाईन लागायची वाट पाहत आम्ही बसायचो. तेवढ्या वेळात ताई मला तिचं माहेर सांगायची, मी तिला माझं सांगायची. लाईन एकदम लागली असती, तर आम्ही एकमेकींना ओळखलं असतं का? मला नाही वाटत. आणि तो वेळ आता मिळत नाही. मागून मिळत नाही, पैसे देऊन मिळत नाही. मी आता मोहाडीत कोणाच्या दारात जाऊन बसू? बाजार झाला की पाय आपोआप तिकडं वळतात. मागच्या बाजारालाही वळले. दाराशी गेल्यावर कळलं, आपण कुठं आलो.

ताईला शेवटच्या महिन्यांत दम लागायचा. बोलताना मधेच थांबायची. मी भंडाऱ्याच्या दवाखान्यात भेटायला गेले, ती आमची शेवटची भेट. मला वाटलं, तिचं मन रमवावं. मी बोलत सुटले. धान कसं आहे, कोणाचं लगन ठरलं, कोणाच्या घरी काय झालं. ताईनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "रंजना, बोलू नको आता. नुसती बस माझ्यापाशी."

मी बसले. खिडकीतून ऊन येत होतं. ती माझ्याकडं पाहत होती, मी तिच्याकडं. नर्स आली, भेटायची वेळ संपली म्हणाली, तेव्हा मी उठले. माझ्या आयुष्यात मी कोणाजवळ इतकं मन भरून बसले नव्हते.

मंडळी, मी खूप बोलले. आता ताईनं सांगितलं होतं तेच करू. सगळे उभे राहू या, आणि थोडा वेळ काही न बोलता तिच्यापाशी थांबू या.